आईच्या गुडघ्यांबद्दल, आणि त्या पुडीबद्दल

प्रिय आई आणि आप्पा,

फोनवर गुडघ्याचा विषय काढला की आई "बरंय गं, चाललंय" म्हणते आणि फोन आप्पांच्या हातात देते, आप्पा थंडी किती पडलीय ते सांगून ठेवून देतात, म्हणून सरळ लिहायलेय. आप्पा, चष्मा लावून हे आईला मोठ्यानं वाचून दाखवा आणि मधलं गाळू नका, गाळलेलं मला कळतं.

दिवाळीत आले होते तेव्हा आई भाकरीच्या परातीसमोरनं उठत होती. एक हात भिंतीला, दुसरा कट्ट्याच्या कडेला, आणि अर्धी उठून तशीच थांबली. तोंडातनं आवाज नाही. मी बघतेय कळल्यावर म्हणाली, पीठ उरलंय का बघत होते. पिठाचा डबा तुझ्या पाठीमागं होता आई.

आणि मग लाडवाच्या डब्याशेजारी ती पुडी सापडली. पेपरात बांधलेली, मातकट रंगाची पावडर, ना नाव ना काही. आप्पा म्हणाले कारखान्यातल्या जुन्या मित्रानं दिली, शुद्ध झाडपाल्याची आहे, दोन दिवसांत फरक. तेव्हा मी गप्प बसले, चुकलंच माझं. दोन दिवसांत झीज झालेला गुडघा बरा करणारा झाडपाला नसतो आप्पा. अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड नाहीतर पेनकिलर कुटून घातलेली सापडते, म्हणून तर जादूसारखा फरक पडतो. स्टेरॉईडनं भूक वाढते, तोंड सुजल्यासारखं भरतं, शुगर आणि बीपी चढतं, हाडं ठिसूळ होतात. व्हिडिओ कॉलवर आईचं तोंड भरलेलं बघून मी खुश झाले होते, म्हटलं तब्येत सुधारायलीय. आणि शुगर अचानक का वाढली म्हणून तुम्ही बिचारीचा भात बंद केला!

पण हे वाचून पुडी लगेच कचऱ्यात टाकू नका. आई ती दोन-अडीच महिने घेतेय, त्यात स्टेरॉईड असेल तर एकदम बंद केल्यावर त्रास होऊ शकतो, कारण बाहेरनं मिळत राहिलं की शरीर स्वतःचं बनवायचं कमी करतं. उद्याच पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, किती दिवस घेतली ते खरं सांगा, कमी कशी करायची ते तेच ठरवतील. ओरडतील. ओरडू देत.

आता नैसर्गिक म्हणाल तर जे खरंच लागू पडतं ते असं कंटाळवाणं आहे की त्याची पुडी कुणी बांधत नाही. आईला सकाळी उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं गुडघे धरतात आणि मग मोकळे होतात, डॉक्टरांनी झीजच सांगितलीय. (तास-तासभर सांधे आखडून राहिले, दोन्ही हातांची बोटं सुजली तर तो वेगळा संधिवात असू शकतो, त्यात घरगुती उपायांत वेळ घालवायचा नाही.) झीज भरून येत नाही, पण मांडीचा स्नायू दमदार झाला की गुडघ्यावरचा ताण तो घेतो. म्हणून आई, तो आपला टर्किश टॉवेल घट्ट गुंडाळून गुडघ्याखाली ठेव, पलंगावर पाय लांब करून टॉवेल गुडघ्यानं खाली दाब, पाच आकडे मोज, सोड. दहा वेळा एक पाय, दहा वेळा दुसरा. मग खुर्चीत बसून पाय समोर सरळ करायचा आणि तसाच पाच आकडे धरायचा. सकाळ-संध्याकाळ. फरक कळायला दीड-दोन महिने लागतात, आठवड्यात "काय उपयोग नाही बघ" म्हणायचं नाही. आप्पा, आकडे तुम्ही मोजा, आयुष्यभर मागावर कापडाचे वार मोजलेत तुम्ही.

दुखतंय म्हणून बसून राहिलं की सांधा जास्तच आखडतो. रोज थोडं चाला, सपाट रस्त्यावर, आता थंडीत जरा ऊन आल्यावर आणि एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत. काठी घे, लाज कसली, पण उजवा गुडघा जास्त दुखतो तर काठी डाव्या हातात. आणि वजन. एक किलो कमी झालं की पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोनं कमी होतो म्हणतात, म्हणजे आई तू पाच किलो जरी उतरवलंस तरी बघ किती झालं.

मांडी घालून, उकिडवं बसणं बंद. परात कट्ट्यावर घे. संडासात ठेवायची कमोडची खुर्ची मी आणतेय, आप्पा नाक मुरडू नका, तुम्हालाही लागणारच आहे.

तिळाचं तेल कोमट करून लाव, बरं वाटतं, फक्त जोरात रगडू नको. आखडलं असेल तर शेक आणि सूज, गरमपणा असेल तर फडक्यात गुंडाळलेला बर्फ, पंधरा मिनिटं. शुगरमुळं तुझ्या पायाला चटका लवकर कळत नाही, तेव्हा शेकायची पिशवी आधी आप्पांनी हातावर लावून बघायची. हळद भाजीत, दुधात चालेल, चिमूटभर मिरपूड घाल म्हणजे अंगाला जास्त लागते, पण हळदीनं गुडघे बरे होतील असं नाही. आणि आप्पा, हळदीच्या कॅप्सूल तुम्ही मागवू नका, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, त्यावर त्या नकोत.

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जायचंय म्हणालीस ना, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला? जाऊ. गर्दीत तासभर उभं नाही राहायचं, घडीची खुर्ची मी उचलते.

शनिवारी हुतात्मा एक्स्प्रेसनं येतेय. शेंगाची चटणी करून ठेवू नकोस, खलबत्ता घेऊन खाली बसशील परत. मिक्सरची मला आवडत नाही, मीच येऊन कुटते, तू खुर्चीत बसून मीठ किती ते सांग.

तुमची,
ताई