रातकिडे थांबले नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीच्या चवथीनंतर आपल्या दैनिकात ध्वनिक्षेपकांविषयी बरीच पत्रे आली. रात्री दहानंतरही आवाज चालूच होता, फोन करूनही कोणी आले नाही, अशा तक्रारी होत्या. सण वर्षातून एकदाच येतो, एवढे तरी सोसा, असे म्हणणारीही पत्रे होती. दोन्हीकडचा वाद घड्याळावरून चालला आहे. कानाबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून मी लिहितो आहे.

मी २६ वर्षे गोव्यात खनिज वाहणाऱ्या बार्जीवर, म्हणजे सपाट बुडाच्या मालवाहू बोटीवर, इंजिनरूममध्ये काम केले. आमोणे, सुर्ला इथे माल भरायचा आणि मांडवीतून मुरगाव बंदर गाठायचे. पावसाळ्यात मांडवीचे आग्वादजवळचे तोंड वाहतुकीला बंद झाले की कुंभारजुवेच्या कालव्यातून जायचे. इंजिनाशेजारी आम्ही हातवारे करूनच बोलत असू. पाळी संपवून वर आले की तास दोन तास कानात शिट्टी वाजत राहायची. ती सगळ्यांच्याच कानात वाजायची, त्यामुळे हे दुखणे आहे असे कोणाच्या मनात आले नाही. फार तर कापसाचा बोळा घालायचा. कापसाने आवाज जवळजवळ अडत नाही, हे मला निवृत्तीनंतर कळले. कानावर घालायची साधने मालकाने कधी दिली नाहीत आणि आम्हीही मागितली नाहीत.

आमच्या घरामागे कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, आहे. एका पावसाळ्यात मी पत्नीला म्हटले, यंदा रातकिडे ओरडत नाहीत, कोणी औषध मारले की काय? ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अहो, त्यांच्या किरकिरीने कान किटलेत माझे." त्यानंतर काही दिवसांनी मुलीने फोनवर सांगितले की सातला गाडी येईल. मी 'आठ' ऐकले. गाडी दारात उभी आणि मी न्हाणीघरात. माणसे मोठ्याने बोलत नाहीत असे मला वाटत नव्हते. आवाज सगळा पोचत होता, शब्द मात्र कळत नव्हते. स, श, त, ख, फ ही अक्षरे बारीक, वरच्या पट्टीतली. ती गेली की 'सात' आणि 'आठ' सारखेच वाटतात.

तपासणी झाली तेव्हा मी ५८ वर्षांचा होतो. काचेच्या खोलीत बसवतात, कानावर हेडफोन चढवतात आणि अगदी हलका आवाज आला तरी बटण दाबायला सांगतात. मग कागदावर दोन रेघा निघतात, उजव्या कानाचे लाल गोळे आणि डाव्या कानाच्या निळ्या फुल्या. रेघ जेवढी खाली, तेवढे ऐकू कमी. माझ्या दोन्ही रेघा १ हजार हर्ट्झपर्यंत (हे आवाजाच्या पट्टीचे माप, आकडा मोठा तितका आवाज बारीक) सरळ होत्या, पुढे घसरत ४ हजारापाशी खड्ड्यात गेल्या होत्या, आणि ८ हजारापाशी किंचित वर आल्या होत्या. तपासणाऱ्या बाईंनी मला काही सांगायच्या आधीच विचारले, "कुठल्या कारखान्यात होता?" पुष्कळ रातकिड्यांची किरकिर ४ ते ५ हजारांच्या आसपासच असते. ते ओरडतच होते.

मग मी कान समजून घेऊ लागलो. ज्याने नदीत बुडी मारली आहे त्याला हे लगेच कळेल. पाण्याखाली गेले की काठावरचे बोलणे नाहीसे होते, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. आपल्या आतल्या कानातही पाण्यासारखा द्रवच भरलेला आहे. मग आवाज आत जातो कसा? पडद्यामागे तीन हाडे आहेत: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटरची, शरीरातले सर्वांत लहान हाड. पडद्यावरचा दाब ही हाडे त्याच्या सतरा-अठरा पट लहान खिडकीवर आणून सोडतात. त्यात त्यांच्या तरफेची भर पडते, आणि दाब वीसेक पट वाढून द्रव हलतो. इंजिनात आयुष्य घालवलेल्या माणसाने ही रचना वाचली तेव्हा त्याचे डोळे भरून आले, एवढेच सांगतो.

पुढे गोगलगायीच्या शंखासारखी अडीच वेढ्यांची नळी आहे. सरळ केली तर साडेतीन सेंटिमीटर भरेल. तिच्यात केसाळ पेशी रांगेने बसलेल्या असतात. त्या खिडकीजवळच्या पेशी बारीक आवाज टिपतात, टोकाकडच्या जाड. नळीवर लाट कशी धावते हे दाखवून देणाऱ्या गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ साली नोबेल मिळाले. या पेशी जन्मतः एका कानात सुमारे १५ हजार असतात आणि मेल्या की पुन्हा येत नाहीत. कोंबडीच्या कानात नव्या येतात, माणसाच्या नाही. बाहेरची अडीच सेंटिमीटरची नळी २ ते ४ हजार हर्ट्झमधले आवाज मुळातच वाढवून आत सोडते. त्यामुळे मारही त्याच आसपासच्या पेशींना आधी बसतो.

कान घड्याळ बघत नाही, तो हिशेब ठेवतो. ८५ डेसिबल आठ तास, ही कामगारांसाठी मानलेली मर्यादा. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त १५ मिनिटे. मोठ्या डिझेल इंजिनाशेजारी आवाज सहज शंभरापुढे जातो. आमच्या पाळ्या किती तासांच्या होत्या ते आता मोजवत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि सरकार ठरावीक दिवशी रात्री बारापर्यंत परवानगीही देऊ शकते. स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या पोराच्या कानाला त्या परवानगीचा काही उपयोग नाही. संध्याकाळी सातलाच त्याचा दिवसभराचा वाटा संपलेला असतो. उघड्यावर अंतर दुप्पट केले की सुमारे ६ डेसिबल कमी होतात, म्हणजे चौपट वेळ मिळतो. मंडळांनी स्पीकरपुढे दोरी बांधली तरी पुष्कळ होईल.

आरती बंद करा असे मी म्हणत नाही. घुमट, शामेळ या वाद्यांशिवाय चवथ मला नकोच. पण गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधतात तिच्याखाली, बंद खोलीत, दहा वर्षांचे पोर कासाळे, म्हणजे मोठ्या झांजा, कानाच्या उंचीवर धरून तासभर वाजवते, तेव्हा मोठ्यांपैकी कोणी तरी ते खाली धरायला सांगावे. फोमचे इअरप्लग थोड्या पैशांत मिळतात. त्यांनी आरती ऐकायची थांबत नाही.

सगळे बहिरेपण आवाजाने येत नाही, हेही खरे. मळ साचणे, लहान मुलांचा कान वाहणे, पडद्याला भोक पडणे, पावसाळ्यात दमटपणामुळे कानात बुरशी धरणे, यांवर बहुधा उपाय होतो. मात्र कोमट खोबरेल ओतण्याची आणि हेअरपिन घालण्याची आपली सवय सोडायला हवी. काही इंजेक्शनांनी, उदाहरणार्थ जेंटामायसिन, स्ट्रेप्टोमायसिन यांनी, आतल्या पेशी मरू शकतात. वय तर आहेच. एक गोष्ट मात्र आपण ठळक छापावी अशी विनंती: सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर सर्दी समजून आठवडा घालवू नये. त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे किंवा बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, जावे. पहिल्या दिवसांत औषध सुरू झाले तर ऐकू परत येण्याची शक्यता असते, उशीर झाला की ती झपाट्याने घटते.

आपल्या दैनिकाकडे माझे एक मागणे आहे. खाणी, गोद्या, औद्योगिक वसाहती, बँडवाले, साउंडवाले, यांच्या कानांची कामाला लागताना एकदा आणि मग दरवर्षी तपासणी व्हावी आणि तो कागद कामगाराच्या हाती पडावा, यासाठी आपण लिहावे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आवाजामुळे येणारे बहिरेपण नोंद करण्याच्या आजारांत घातले होते. बार्जीवर माझा एक जरी कागद निघाला असता, तर पाचव्या-सहाव्या वर्षीच त्यावर खड्डा दिसला असता आणि मी इंजिनरूम सोडून वर डेकवरच्या कामाला गेलो असतो. आता कानाला ऐकायचे मशीन लावतो. पत्नीचे बोलणे कळते, गर्दीत मात्र अजून चुकते.

माझा पुतण्या लग्नांत आणि जत्रांत साउंड चालवतो. गेल्या महिन्यात त्याला जबरदस्तीने तपासणीला नेले. त्याच्या कागदावर ४ हजारापाशी रेघ थोडी झुकली आहे. त्याचे वय २६. रात्री त्याला कुळागराच्या कडेला उभे करून विचारले. रातकिडे त्याला अजून ऐकू येतात.

आपला,
एक निवृत्त बार्ज कामगार,
डिचोली