लिबर्टीच्या भिंती दाखवणाऱ्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

बॉम्बे हॉस्पिटलात मामांजवळ बसून जीव कावला की मी बाहेर पडून लिबर्टी टॉकीजसमोर उभा राहायचो. तुम्ही तिथं वहीत इमारतीचं चित्र काढत होता. ‘आतून पाहायचंय का, दादा?’ असं विचारून तुम्ही परवानगी काढली अन् मला सोबत नेलं. पायात स्लिपर घातलेल्या अनोळखी माणसाला असं कोण नेते?

पडद्याच्या दोन्ही बाजूंची ती गोठलेल्या कारंज्यांसारखी नक्षी पाहून मी गप्पच झालो. टॉकीज 1949 ची. आराखडा रिडली अबॉट यांचा, ते गेल्यावर काम पुरं केलं जे. बी. फर्नांडिस यांनी, अन् आतली सजावट वामन नामजोशींची, हे तुम्हीच सांगितलं. जयपूरचं राजमंदिरही नामजोशींचंच, हे ऐकून उगाचच छाती फुगली.

माझ्या कामाचं मात्र पुढंच होतं. तुम्ही मला टाळी वाजवायला लावली. टाळी तिथंच विरली. कडक, सपाट भिंत आवाज परत फेकते, बाहेर फुगलेली वळणदार भिंत तो पसरवते अन् मऊ वस्तू पिऊन टाकते, हे तुम्ही लाकडावर हात ठेवून समजावलं.

आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावी प्रार्थना मंदिराला चारही बाजूंनी गुळगुळीत प्लास्टर. राष्ट्रसंतांची सामुदायिक प्रार्थना सुरू झाली अन् खंजिरी वाजली की शब्द कळायचेच नाहीत. म्हातारे म्हणत, ‘आवाज लय घुमते बावा.’ कमिटी मोठा भोंगा आणणार होती, म्हणजे आणखीनच गोंधळ!

गावी आल्यावर आम्ही मागच्या भिंतीला लाकडी चौकटी ठोकल्या, त्यात जिनिंगमधली रुई भरली अन् वरून खादी ताणली. कापसाच्या मुलखात तेवढं तरी स्वस्तात झालं. रुई लवकर पेट घेते म्हणून वायरिंग अन् दिव्याची जागा दूर हलवली. वायरमन त्यावर अडूनच बसला होता. खंजिरीची किणकिण लगेच आवरली. तबल्याचा घुमारा अजून राहते, कारण जाड आवाजाला जाड थर लागतो. पुढच्या हंगामात चौकटी खोल करू. पण प्रार्थनेतला शब्द न् शब्द आता मागच्या सतरंजीवर बसलेल्या बायांनाही कळतो, अन् त्याचे आभार तुमचेच.

आता एकच राहिलं. वर टिनाचं छत आहे, पावसाळ्यात काहीच ऐकू येत नाही. यावर काही सोपा उपाय असला तर जरूर कळवा. अन् इकडं आल्या तर घरी या.

तुमचा,
हॉस्पिटलवाला दादा