अस्वलाची आगोट

संपादक महोदय,

शाळांच्या विज्ञान प्रदर्शनांत थर्माकोलच्या हिमखंडावर ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन शेजारी उभे दिसतात. एक आर्क्टिकचं, दुसरा दक्षिण गोलार्धातला. गाठ पडणार कुठे? ही चूक तरी किरकोळ. ‘बर्फ वितळला की अस्वलं बुडतात’ हे मात्र दिशाभूल करणारं. अस्वल पट्टीचं पोहणारं आहे. अडते ती शिकार.

सील श्वास घ्यायला बर्फातल्या भोकाशी येतो. अस्वल तिथे तासन्‌तास निश्चल बसतं आणि डोकं वर येताच त्याला ओढून काढतं. पोट भरलेलं असेल तर नुसती चरबी खातं, मांस कोल्ह्यांना सोडतं. उघड्या पाण्यात सील क्वचितच हाती लागतो.

कोकणात हे आगोटीवरून, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या बेगमीवरून, पटकन कळेल. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, होड्या शाकारलेल्या, डब्यात सोडे नि सुके बोंबील. कॅनडाच्या हडसन उपसागरात उन्हाळ्यात बर्फ जातो, अस्वल किनाऱ्यावर येतं आणि अंगच्या चरबीवर दिवस काढतं. रोज साधारण १ किलो वजन घटतं. आपली बंदी ६१ दिवसांची. त्याची चार महिन्यांहून मोठी, आणि १९८० च्या दशकापेक्षा काही आठवड्यांनी लांबलेली. गाभण मादी तर तिथून थेट गुहेत शिरते, सुमारे आठ महिने उपाशी राहते आणि त्यातच जेमतेम ६००-७०० ग्रॅमच्या पिल्लांना दूध पाजते. बेगमी कमी पडली की आधी पिल्लं दगावतात.

तक्त्यावर एवढं लिहावं, पेंग्विन काढावा.

— जीवशास्त्राचे दोन शिक्षक, गुहागर