गंगाखेडच्या घाटावरच्या मामांना

मामा, रामराम.

हे पत्र नातवाकडून वाचून घ्या. मुद्दाम उघड लिहितोय. पिढ्यान्‌पिढ्या गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, मासे धरून जगलेल्या माणसाजवळची विद्या कुणी विद्या म्हणून धरत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कामानिमित्त मी दीड वर्ष इंग्लंडात, नॉटिंगहॅमला होतो. गावाला लागून ट्रेंट नदी वाहते. तिच्यात बार्बेल नावाचा मासा असतो. अंग लांबट, सोनेरी-तपकिरी, तोंड खालच्या बाजूला आणि ओठाला चार मिशा. तळाच्या गोट्यांत मिशांनी चाचपत खातो, आपला शिंगाळा चाचपतो तसा. तिकडे १५ मार्च ते १५ जून नदीत गळ टाकायला बंदी असते. १६ जूनला बंदी उठली आणि मी परवाना, काठी, खाद्याच्या गोळ्या असं सगळं घेऊन काठावर बसलो.

तीन रविवार एकही मासा लागला नाही. मी गोळ्या मुठीमुठीनं समोर फेकत होतो. त्या तळाला जाईपर्यंत धार त्यांना कुठल्या कुठं नेत होती. मासे खात असतील, पण माझ्या गळापासून पन्नास पावलं खाली.

तिसऱ्या रविवारी परतताना तुमची बादली आठवली.

भाद्रपद होता. जायकवाडीतून पाणी सोडलेलं, घाटाच्या पायऱ्या बुडालेल्या. तुम्ही शेंगदाण्याची पेंड, ज्वारीचं पीठ, फुटेपर्यंत उकडलेली ज्वारी आणि काठाची चिकण माती एकत्र मळलीत. लिंबाएवढा गोळा करून आधी बादलीत सोडलात आणि मला म्हणालात, "बघत ऱ्हा." गोळा सरळ तळाला बसला. थोड्या वेळानं कडेकडेनं उकलायला लागला, दाणा दाणा सुटला. "वर सुटला तर धारेचा. सुटलाच न्हाई तर मातीचा. खाली बसून सुटला तरच माशाचा." धार वाढली की माती वाढवायची, उतरली की कमी करायची. गोळा गळाच्या वरच्या अंगाला टाकायचा, म्हणजे बुडता बुडता गळापाशी येतो. आणि एकदम पाटी रिकामी करायची नाही, कारण पोट भरलेला मासा गळाकडं ढुंकून बघत नाही.

तिकडचे लोक फीडर वापरतात. शिसं लावलेली, भोकांची प्लॅस्टिकची नळी. तिच्यात भिजवलेल्या गोळ्यांचा चुरा आणि भांगेचं उकडलेलं बी भरतात. ते बीसुद्धा फुटून पांढरं दिसेपर्यंत उकडायचं, तुमच्या ज्वारीसारखंच! मी घरी बादलीत फीडर सोडून बघितला. चुरा इतका सैल भरलेला की अर्ध्या वाटेतच मोकळा झाला. मग थोडं कमी पाणी घालून, अंगठ्यानं दाबून भरला, तेव्हा तो तळाला जाऊन सुटायला लागला.

चौथ्या रविवारी पलीकडच्या काठावरचं एक झाड खुणेला धरलं. दर दहा मिनिटांनी फीडर वर ओढायचा, भरायचा, पुन्हा त्याच जागी टाकायचा. वासाची एकच रेघ खालपर्यंत जावी म्हणून. दीड तास काहीच नाही. मग काठीचं टोक दोनदा थरथरलं आणि एकदम पाण्याकडं वाकलं. हातातली काठी निसटते की काय असं वाटलं. इतकी ओढ मी आपल्या रोहूचीही बघितलेली नाही.

बार्बेल झुंजून फार थकतो, सोडल्यावर उलटा होऊन मरू शकतो. म्हणून त्याचं तोंड धारेकडं करून मी दोन्ही हातांत सरळ धरून बसलो. कल्ले उघडझाप करत होते. बऱ्याच वेळानं शेपटीत जोर आला आणि तो हातातून गेला. गाभोळी भरलेला मासा तुम्ही असाच पाण्यात धरून सोडायचात. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं.

मामा, तुमचे मनापासून आभार. दिवाळीनंतर गंगाखेडला येतोय. पेंड मी आणतो, माती तेवढी तुम्ही निवडा.

तुमचा,
घाटावरचा जुना शिष्य