क्लच काढून देणाऱ्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

गाडी न्यायला आले तेव्हा घाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणून निघाले. तेवढ्यावर भागवावं असं ते काम नव्हतं, म्हणून हे पत्र. चारचौघांसमोर लिहितेय, कारण मॅन्युअल गाडी ऑटोमॅटिक करून घ्यायचं डोक्यात असलेले आणखीही कुणी असतील. तुम्ही काय काय केलंत ते त्यांनाही कळू दे.

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला क्लच दाबणं जमेना. पण इंजिन ठणठणीत, पत्रा कुठे गंजलेला नाही, मग गाडी विकायची कशाला, असा माझा हट्ट. तुम्ही पहिल्याच भेटीत म्हणालात, “ताई, ही विका आणि ऑटोमॅटिक घ्या. यात घातलेले पैसे पुन्हा वसूल व्हायचे नाहीत.” दारात आलेलं गिऱ्हाईक असं परत पाठवणारा माणूस कामात लबाडी करणार नाही, एवढं मला तिथेच कळलं. (हिशेबाने तुमचंच खरं होतं. माझा हट्ट हिशेबाचा नव्हताच.)

मग तुमची अट. नुसता गिअरबॉक्स चालणार नाही; याच मॉडेलची, याच इंजिनाची ऑटोमॅटिक गाडी भंगारात मिळाली तर अख्खी आणायची. मला ते जरा अतीच वाटलं. पण त्या गाडीतून एकेक वस्तू निघून माझ्या गाडीत जायला लागली तसा उलगडा झाला. जाडजूड फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाची जड चकती) आणि क्लच निघाला, तिथे फ्लेक्सप्लेट ही पातळ चकती आली. गिअरबॉक्सचा आकार आणि वजन वेगळं, म्हणून माउंटिंग आणि ॲक्सल तिकडचे. माझ्या रेडिएटरमध्ये गिअरबॉक्सचं तेल थंड करायची सोय नव्हती, म्हणून रेडिएटरही तिकडचा. शिवाय इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा असे दोन्ही कंट्रोलर, वायरिंगसकट. गिअर बदलताना गिअरबॉक्स इंजिनाला क्षणभर जोर कमी करायला सांगतो आणि मॅन्युअल गाडीच्या ईसीयूला, म्हणजे इंजिनाच्या कंट्रोलरला, तो निरोप कळत नाही, हे मला तुमच्याकडूनच समजलं. ईसीयू बदलल्यावर किल्लीची ओळख पुन्हा पटवून देण्यात तुमचा किती वेळ गेला तेही मी पाहिलंय.

टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग) बसवताना तुम्ही मला मुद्दाम जवळ बोलावलंत. तो जड डबा दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत आत ढकलायचा. एकदा ‘खट’ झालं, मला वाटलं बसला. “अजून नाही,” तुम्ही म्हणालात. पुन्हा फिरवला, आणखी थोडा आत गेला. शेवटी गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खाचेत बसला तेव्हा तुम्ही बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनाकडच्या तोंडाच्या) कडेला पट्टी आडवी धरून तो किती आत गेलाय ते मोजलंत, मगच गिअरबॉक्स उचलायला सांगितलंत. अर्धवट बसलेला कन्व्हर्टर बोल्ट आवळून ओढून घेतला की पंप फुटतो आणि सगळं काम पाण्यात जातं, हे तुम्ही अगदी शांतपणे सांगितलंत!

बाकी बारीकसारीक किती लिहू? गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रलमध्येच सुरू व्हायला हवी, त्यासाठीच्या स्विचला वायर जोडून बगल देणारे असतात असं ऐकलंय. तुम्ही तो नीट बसवलात आणि लिव्हरच्या प्रत्येक जागेवर किल्ली फिरवून दाखवलीत. क्लचचं तेल ब्रेकच्याच डबीतून येत होतं, तर ती वाट पक्की बंद केलीत. गिअरबॉक्समध्ये कंपनीने सांगितलेलंच एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) घातलंत, आणि त्याची पातळी इंजिन चालू ठेवून, गाडी तापल्यावर, लिव्हर सगळ्या जागांवरून फिरवून मगच पाहिलीत. काय काय बदललं त्याची यादी सहीनिशी दिलीत. नोंदणी आणि विमा या दोन्ही ठिकाणी परवानगीसाठी आधी तीच मागितली गेली.

आणि एक. पहिल्यांदा चालवायला दिलीत तेव्हा डावा पाय सीटखाली मागे ओढून बसायला सांगितलंत, तेही मोकळ्या मैदानात. तरी पाय क्लच शोधत रुंद ब्रेकवर पडलाच आणि तुमचं डोकं डॅशबोर्डला लागता लागता राहिलं. तुम्ही पट्टा सारखा केलात आणि “चला, परत” एवढंच म्हणालात. घरचं कुणी असतं तर तेवढ्यावर थांबलं नसतं!

आता गुडघा दुखत नाही. चढावर गर्दीत थांबून पुन्हा निघायची धास्ती गेली. गिअर बदलताना जाणवतो न जाणवतो असा बदलतो. तेल बदलायच्या वेळी येईनच, तेव्हा चढावर येणारा तो बारीक आवाज एकदा ऐकून घ्या.

माझा जुना गिअरबॉक्स आणि क्लच तुमच्याकडेच पडलाय. दोन्ही चांगले चालू होते. कुणा गरजू गाडीला लागत असेल तर खुशाल देऊन टाका, मला विचारायला थांबू नका.

तुमची,
पांढऱ्या गाडीवाली ताई