ॲम्प विकू नकोस

सांगली

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अगदी सहज म्हणालास, "आई, गिटार आणि ॲम्प विकून टाकतोय. पाळण्याला जागा लागेल, आणि आता बाप होणार म्हटल्यावर पंक वगैरे बास झालं." आवाज वाढवणारा तो डबा जागा खातो, हे पटलं मला. पुढचं वाक्य काही केल्या पटेना. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं, म्हणून लिहायला बसले.

आपलं घर कशावर उभं राहिलं ते तुला तुटक तुटक माहीत आहे. आज नीट सांगते.

तुझा बोटीवरचा मामा १९९२ साली लंडनहून आला तेव्हा माझ्यासाठी एक साठ मिनिटांची कॅसेट भरून घेऊन आला. एका बाजूला रामोन्स या अमेरिकन पंक बँडचा, म्हणजे साधं, वेगवान, दणदणीत रॉक वाजवणाऱ्या पोरांचा, १९७६ चा पहिला अल्बम. १४ गाणी, पण सगळा अल्बम अर्ध्या तासाच्या आत संपतो, त्यामुळे एका बाजूत बसला. दुसऱ्या बाजूला बझकॉक्स हा इंग्लंडचा पंक बँड. मी तेव्हा विश्रामबागला कॉलेजला जायचे. आपल्याकडे गाणं म्हटलं की मिरज. दर्ग्याच्या उरुसात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ होणारं गाणं रात्र रात्र मांडी घालून ऐकायचं, आणि आपण स्वतः कधी वाजवू हे मनातही आणायचं नाही. ते गाणं मला आजही जिवापाड आवडतं. पण त्या कॅसेटमधली पोरं तीन कॉर्डवर, म्हणजे एकत्र छेडायच्या स्वरांच्या तीन गुच्छांवर, उभी होती. जेवढं येत होतं तेवढ्यात त्यांनी सुरुवात केली होती. मँचेस्टरच्या बझकॉक्सनी तर घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये आपली पहिली रेकॉर्ड स्वतःच काढली. कुठली कंपनी बोलावेल म्हणून वाट बघत बसले नाहीत.

आणि ते गायचे काय, तर प्रेम. त्यांचा गायक पीट शेली प्रेमावर लिहायचा, पण ज्याच्यावर जीव जडलाय तो मुलगा आहे की मुलगी हे मुद्दामच कळू द्यायचा नाही. कुणीही ते गाणं आपलं म्हणून गावं. मला ते फार आपलं वाटलं. वाटेगावचे अण्णाभाऊ डफ-तुणतुण्यावर गिरणी कामगारांपुढे उभे राहायचे, त्यांच्याच जिल्ह्यातली मी. चार माणसांनी मोजक्या साहित्यात मनातलं ओरडून सांगायचं, यात मला काही परकं दिसलं नाही.

शिकवणीच्या पैशांतून मी एक स्वस्तातली गिटार घेतली. तिच्या तारा इतक्या वर होत्या की कॉर्ड धरताना बोटं सोलून निघायची. कुणीतरी म्हणालं, मिरजेला सतारमेकरांकडे दाखव. तिथे एका दुकानात तुझे बाबा काम शिकत होते.

मी गेले तेव्हा ते तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर कानस फिरवायची, अगदी हलक्या हाताने. तार चढवायची, छेडायची, कान खाली न्यायचा. मान हलवायची, तार उतरवायची, पुन्हा कानस. घोडीचा माथा अगदी किंचित उतरता असतो. तार त्याला घासत राहिली की आवाजाला ती झणझण येते आणि एका तारेतून कितीतरी स्वर उमटतात. मी तासभर नुसती बघत होते. मग त्यांनी माझ्या गिटारची घोडी घासून खाली घेतली आणि म्हणाले, "वाजवून बघा." मी माझे तीन कॉर्ड जमेल तेवढ्या वेगात वाजवले. बाकीचे कारागीर हसले. तुझे बाबा म्हणाले, "पुन्हा वाजवा."

पुढच्या खेपेला मी कॅसेट नेली. त्यांनी हातातलं काम थांबवून अख्खी बाजू ऐकली आणि म्हणाले, "यांनी गिटारला जवारी काढलीय."

गिटारच्या त्या फाटक्या आवाजाला डिस्टॉर्शन म्हणतात, त्याचं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठे वाचलेलं नाही. ॲम्पला झेपेल त्याहून जास्त रेटलं की आवाजाच्या लाटांची टोकं छाटली जातात आणि मूळ स्वरावर आणखी स्वर चढतात. यातलं विज्ञान त्यांनी शिकलेलं नव्हतं, त्यांना कान होता. निनाद, त्या वाक्यावर मी त्यांच्या प्रेमात पडले.

जात वेगळी, त्यामुळे दोन्ही घरांतून नकार. विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस ती कचेरीत लागलेली असते. त्या महिन्यात कोण कोण येऊन काय काय बोलून गेलं ते उगाळत नाही. लग्नानंतर गावभागात एक खोली, एक स्टोव्ह, एक टेपरेकॉर्डर. चार पैसे साठले की संसार मांडू असं म्हणत बसलो असतो तर आजही म्हणतच बसलो असतो.

मग तू आलास. तुला पाजताना मी रामोन्सची बाजू बारीक आवाजात लावायचे. बाजू संपली की टेपरेकॉर्डरचं बटण खट्कन वर यायचं आणि तू दचकायचास. गाण्याला कधी दचकला नाहीस.

त्या वर्षांत मला पॅटी स्मिथ या अमेरिकन पंक गायिकेचा फार आधार वाटला. १९७५ साली पहिल्या अल्बमने तिने न्यूयॉर्क गाजवलं. १९८० मध्ये फ्रेड स्मिथशी लग्न करून ती डेट्रॉइटकडे निघून गेली, दोन मुलं झाली, १९७९ नंतर थेट १९८८ पर्यंत एकही अल्बम नाही. लोकांनी ती संपली असं धरलं. ती मात्र पहाटे, मुलं उठायच्या आत, लिहीत बसायची. आणि १९८८ चा अल्बम तिने नवऱ्याबरोबरच केला. आपल्या माणसांसाठी घरी थांबणं आणि आपलं काम मरू देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला तिच्याकडे बघून कळलं.

मला पहाट जमत नव्हती. माझी वेळ रविवारची. बाबा तुला खांद्यावर बसवून गणपती मंदिराकडे आणि तिथून घाटावर घेऊन जायचे, तू पाणी बघत बसायचास, आणि तुम्ही परत येईस्तोवर खोली माझी. शेजारच्या काकू भिंत वाजवायच्या तेव्हा थांबायचं. त्या तासाभराने मी आठवडाभर माणसात असायचे. तुला चांगली आई मिळाली असेल तर त्यात त्या तासाचा मोठा वाटा आहे.

आणि २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तू पुण्यातून फोनवर फोन करत होतास. घरात पाणी शिरायला लागलं तेव्हा बाबांनी आधी माझी गिटार वर नेली, मग त्यांच्या कानशी आणि हत्यारांची पेटी. फ्रीज खालीच राहिला आणि बुडाला. कॅसेटी गेल्या. मी रडले ती कॅसेटींसाठी, आणि बाबांनी "नवीन घेऊ" असं म्हटलं नाही, नुसते शेजारी बसून राहिले. असं माणूस मिळतं तेव्हा त्याच्यापुढे आपलं वेड लपवायचं नसतं, म्हणून माझ्या सुनेने, मुक्ताने, तुझ्या त्या आवाजाबद्दल कधी तक्रार केली का, हे आधी मला सांग. मला नाही वाटत केली असेल.

बाळाच्या कानांना मात्र जप. ॲम्प दुसऱ्या खोलीत ने, आवाज अगदी कमी ठेव, नाहीतर हेडफोन लाव. एवढ्याशा जिवाचे कान नाजूक असतात, त्यात हयगय चालणार नाही.

आता मुक्ताचं. गेल्या दिवाळीपर्यंत ती दर महिन्याला कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर असायची. तिने तुला "बूट काढून टाकते" असं सांगितलं का? सांगितलं असेल तर तू काय म्हणालास? तुझी गिटार राहणार असेल तर तिचे किल्ले आधी राहिले पाहिजेत, कारण अंग तिचं झिजणार आहे, झोप तिची जास्त मोडणार आहे. बाळंतपणातून ती सावरली आणि डॉक्टरांनी हो म्हटलं की पहिल्या चढाईचा दिवस तिने ठरवायचा आणि त्या दिवशी बाळ तुझ्याकडे. दूध काढून कसं ठेवायचं, बाळाला कसं पाजायचं, ढेकर कशी काढायची, हे सगळं तू शिकायचंस. मी डोहाळजेवणाला दोन दिवस आधीच येते. तेव्हा तिला बाजूला घेऊन विचारणार आहे की कुठला किल्ला राहिलाय.

तुझी,
आई