घरावरचे जास्तीचे वीस

ती. आई-बाबांस,

सा. नमस्कार.

बाबा, तुमचा प्रश्न नेमका होता. चांगली सरकारी शाळा असलेल्या भागातलं घर वीस टक्क्यांनी महाग, तर लांबचं स्वस्त घर घेऊन उरलेल्या पैशांत नातवंडांना खाजगी शाळेत का घालू नये? याचं उत्तर फोनवर देता येत नाही, कागद-पेन्सिल लागते. आई, एक खोली जास्त मिळेल हा तुझा मुद्दाही पुढे येईल.

स्वस्त घराची किंमत १०० धरा, महाग घराची १२०. खाजगी शाळेची फी पहिल्या वर्षी एका मुलामागे २, म्हणजे स्वस्त घराच्या किमतीच्या दोन टक्के. शाळा १२ वर्षं. कर्जाचा व्याजदर ८ टक्के, आणि फीही दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढते असं समजू. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतलेत. तुम्ही आपले खरे घाला, रीत तीच राहील.

सरळ बेरीज केली तर १२ वर्षांची फी जवळपास ३८ होते. जास्तीच्या २० साठी २० वर्षांचं कर्ज काढलं तर ८ टक्क्यांनी एकूण हप्ते ४० च्या आसपास जातात. म्हणजे एका मुलाला फी स्वस्त, असं वाटतं. बहुतेक घरांत हिशेब इथेच थांबतो, आणि तो दोन ठिकाणी चुकलेला असतो.

पहिली चूक वेळेची. बाराव्या वर्षीचा रुपया आणि आजचा रुपया एका रकान्यात मांडता येत नाही. आज २ असलेली फी पुढच्या वर्षी २.१६ होईल, पण आज २ बाजूला ठेवले तर ८ टक्क्यांनी तेही २.१६ होतात. म्हणजे फीवाढ आणि व्याजदर सारखे असतील, तर सगळ्या फीची आजची किंमत पहिल्या वर्षाची फी गुणिले वर्षं एवढीच: २ × १२ = २४. हे तोंडी करता येतं. आणि बाबा, इथे मुदत ठेवीचा दर धरायचा नाही. ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे त्याच्या पैशाचा खरा दर कर्जाचाच.

दुसरी चूक मोठी. घरावरचे जास्तीचे २० खर्च झालेले नसतात, घरात अडकलेले असतात. फी गेली की गेली. घर विकताना त्या २० चं काय होतं, यावर सगळं अवलंबून आहे. १२ वर्षांनी विकलं आणि दोन भागांतल्या किमतींचा फरक तसाच २० राहिला असेल, तर त्याची आजची किंमत ७.९, म्हणजे खरा तोटा १२.१. तो फरक वर्षाला ४ टक्क्यांनी वाढला, तर परत येणाऱ्या रकमेची आजची किंमत १२.७ आणि तोटा ७.३. आणि फरक पार नाहीसा झाला तर पूर्ण २०. या तिन्हींत आणखी ३.६ मिळवा: जास्तीच्या किमतीवरचं मुद्रांक व नोंदणी शुल्क मिळून ६ टक्के धरून १.२, आणि घराचा जास्तीचा कर व देखभाल वर्षाला ०.२ धरून, तीही फीसारखीच वाढते असं मानून, २.४. म्हणजे महाग घराचा खरा भार चांगल्या स्थितीत (फरक वाढला तर) १०.९, मधल्या स्थितीत (तसाच राहिला तर) १५.७ आणि वाईट स्थितीत (नाहीसा झाला तर) २३.६. समोर एका मुलाची फी २४, दोघांची ४८.

मुलं दोन असतील तर फी २ असताना प्रश्नच उरत नाही, सगळा फरक बुडाला तरी घर जिंकतं. मूल एक असेल तर वाईट स्थितीत बरोबरी आहे. आणि फी १ एवढीच असेल, तर एका मुलाची आजची बेरीज १२. मग मधल्या स्थितीतही खाजगी शाळा स्वस्त पडते. म्हणून पहिला प्रश्न ‘कोणती शाळा?’ हा नाही, ‘किती मुलं, किती वर्षं?’ हा आहे. मूल आठवीत असताना शाळेसाठी महाग घर घेणं बहुतेक वेळा आतबट्ट्याचं. चारच वर्षं उरलेली असतात आणि नोंदणी शुल्क मात्र पूर्ण लागतं.

शाळेमुळे घर खरंच महाग होतं का, ही तुमची शंका रास्त आहे. चांगल्या शाळेचा भाग बऱ्याचदा मुळातच मोठ्या रस्त्यांचा, झाडांचा, शांत असतो. मग पैसे शाळेचे की झाडांचे? सँड्रा ब्लॅक या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९९९ साली छापलेल्या अभ्यासात हे वेगळं काढायची युक्ती केली. बॉस्टनच्या उपनगरांत शाळेच्या हद्दीच्या, म्हणजे ज्या भागातल्या मुलांसाठी ती शाळा नेमलेली असते त्या भागाच्या, रेषेला लागून, पण दोन बाजूंना असलेली घरं त्यांनी ताडून पाहिली. परिसर तोच, शाळा वेगळी. परीक्षेतले गुण ५ टक्क्यांनी जास्त असलेल्या शाळेसाठी पालक घराला साधारण अडीच टक्के जास्त देत होते. नेहमीच्या पद्धतीने हिशेब केला असता हा आकडा जवळपास दुप्पट दिसत होता. म्हणजे शाळेची किंमत खरी आहे, पण दलाल सांगतो त्यातली बरीचशी झाडांची असते. आपणही हेच करायचं: हद्दीच्या आतलं आणि लगेच बाहेरचं, त्याच वयाचं, त्याच क्षेत्रफळाचं घर, दोन्हींचे प्रत्यक्ष नोंदलेले विक्रीचे दर बघायचे. जाहिरातीतले नाहीत. तोच खरा ‘वीस’.

आता हद्दीबद्दल, कारण पैसे बुडतात ते इथे. घराच्या जाहिरातीत ‘शाळेला लागून’ लिहिलेलं असतं. शाळा त्याला बांधील नाही. एकाच रस्त्याच्या सम आणि विषम क्रमांकांची घरं वेगळ्या शाळांकडे जाऊ शकतात. म्हणून इमारतीचं नाव सांगून विचारायचं नाही. पूर्ण पत्ता, घर क्रमांकासकट, प्रवेश बघणाऱ्या कार्यालयाला लेखी द्यायचा आणि उत्तरही लेखी मागायचं. नकाशा मिळाला तर त्यावरचं वर्ष बघायचं. जुना नकाशा भिंतीवर वर्षानुवर्षं लटकत राहतो.

हद्दीत असणं आणि जागा मिळणं या दोन गोष्टी आहेत. अर्ज जागांपेक्षा जास्त आले की कुठे चिठ्ठ्या टाकतात, कुठे अंतर मोजतात. अंतर मोजत असतील तर सरळ रेषेत की चालत जायच्या वाटेने, आणि घराच्या दारापासून की इमारतीच्या फाटकापासून, हे विचारायचं. मधे रेल्वेचे रूळ किंवा नाला असला की दोन्ही मापांत मोठा फरक पडतो. मग विचारायचं: गेल्या पाच वर्षांत प्रवेश मिळालेलं सर्वांत लांबचं मूल किती अंतरावर होतं? पाच आकड्यांची सरासरी काढू नका, सर्वांत लहान आकडा धरा. तो ८०० मीटर असेल आणि घर ७५० वर असेल, तर ते घर मी हद्दीबाहेरचंच समजेन. शेजारी बांधकाम चालू असेल तर आणखी कडक व्हायचं. नवीन ३०० घरांपैकी निम्म्यांत शाळेच्या वयाचं एकेक मूल आलं, तरी १५० मुलं वाढली आणि शाळेचे वर्ग तेवढेच राहिले. गर्दी वाढली की हद्द पुन्हा आखतात, आणि मग कापले जातात ते कडेचे तुकडे. म्हणून घर हद्दीच्या मध्यात घ्यावं, मग एखादी खोली कमी मिळाली तरी चालेल.

आई, तुझा मुद्दा तो हाच. जास्तीची खोली मलाही हवी आहे. पण लांबच्या घराला शाळेच्या बसचे पाय लागतात. जवळच्या शाळेत चालत १० मिनिटं, लांबच्या शाळेच्या बसने ४०. दोन्ही वेळचं मिळून रोज एक तास जास्त, २०० दिवसांत २०० तास, बारा वर्षांत २४००. हा वेळ मुलाच्या झोपेतून आणि खेळातून जातो. तुम्ही दोघं आणायला-सोडायला जाल हे गृहीत धरून मी घर निवडणार नाही. जमलं तर आनंद, पण दोन जिने आणि उन्हातली वाट तुमच्या गुडघ्यांवर टाकून हिशेब जुळवायचा नाही. लिफ्ट आणि जवळ दवाखाना या अटी शाळेच्या बरोबरीने माझ्या यादीत आहेत.

प्राथमिक शाळा उत्तम असते आणि पुढे ती मुलं ज्या माध्यमिक शाळेत जातात ती यथातथाच असते, हेही होतं. मग सातवीनंतर फी सुरू होते आणि घराचे जास्तीचे पैसेही चालूच राहतात. दोन्हीकडून मार. म्हणून पत्ता विचारताना बाराही वर्षांच्या शाळांची नावं विचारायची.

शाळा चांगली म्हणजे काय, याचा निकालाच्या पाटीवर भरवसा नको. वर्गात २० मुलं असतील तर एका मुलाने टक्केवारी पाचने हलते. तीन वर्षांचा निकाल एकत्र बघितल्याशिवाय काही कळत नाही. शिवाय कमकुवत मुलांना परीक्षेआधीच दुसरीकडे पाठवणारी शाळा कागदावर फार हुशार दिसते. मी विचारेन ते असं: शिक्षकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, गेल्या दोन वर्षांत किती शिक्षक सोडून गेले, एका वर्गात किती मुलं, आणि खालच्या वर्गात बसलेल्यांपैकी किती जण वरच्या वर्गापर्यंत त्याच शाळेत टिकले. शाळा सुटताना फाटकाशी उभं राहून मुलांच्या पिशव्यांत आणि बोलण्यात काय आहे ते बघितलं तरी बरंच समजतं. बाबा, तुम्ही हे माझ्यापेक्षा चांगलं कराल.

खाजगी शाळेचा आकडाही नीट काढायला हवा, कारण माहितीपत्रकात छापलेली फी म्हणजे दारावरची पाटी. आत प्रवेश शुल्क, बस, गणवेश, पुस्तकं, सहली, प्रयोगशाळा, संगणक असं वेगवेगळं येतं. वर्षभराची सगळी बेरीज त्याच शाळेतल्या एखाद्या पालकाकडून घ्यावी, कार्यालयाकडून नव्हे. आणि आज पहिली, पाचवी, आठवी, दहावीची फी किती आहे तेही मागून घ्यायचं. फी दोन जिन्यांनी एकदम चढते: मूल वरच्या इयत्तेत गेलं म्हणून, आणि वर्ष बदललं म्हणून. इयत्तेमागे ५ टक्के आणि वर्षामागे ६ टक्के असतील तर मिळून वर्षाला ११.३ टक्के, आणि बारावीची फी पहिलीच्या सव्वातीन पट. मग मगाशी २४ काढलेली आजची किंमत २८.५ होते. फसगत नेमकी इथेच होते; पहिलीची फी परवडते म्हणून लोक शाळा ठरवतात.

शिकवणीचे पैसे दोन्ही बाजूंना सारखेच लागणार असतील तर हिशेबात आणूच नका. फक्त फरक मांडा. चांगल्या सरकारी शाळेतही स्पर्धेमुळे शिकवणी लागते असं तिथले पालक म्हणत असतील, तर ती रक्कम घराच्या बाजूला मिळवायची. खाजगी शाळेत फी भरूनही वर शिकवणी लागत असेल, तर तिच्या बाजूला.

फीच्या बाजूने एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मांडायला हवी. फी थांबवता येते, घराचा हप्ता थांबवता येत नाही. नोकरी गेली, मूल तिथे रमलं नाही, तर शाळा बदलता येते; घर विकायला महिने जातात. पण याला दुसरी बाजू आहे. खाजगी शाळा मधेच सोडावी लागली तर मूल जाणार कुठे? घराच्या हद्दीतल्या सरकारी शाळेत. म्हणून खाजगी शाळा ठरवली, तरी ती सरकारी शाळा बघूनच घर घ्यायचं. ती अगदीच वाईट असेल तर फी थांबवण्याची मोकळीक कागदावरच राहते.

तिसरी वाट आहे, आणि माझा कल सध्या तिकडेच आहे: हद्दीच्या मध्यात एक-दोन वर्षं भाड्याने राहायचं. नोंदणी शुल्क नाही, शाळा आतून दिसते, पटली तर तिथेच घर शोधायचं. त्यात तीन गोष्टी आधी पक्क्या कराव्या लागतात. पत्त्याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो का आणि तो किती मुदतीचा हवा. पुरावा कोणत्या तारखेचा धरतात. अर्जाच्या दिवसाचा की शाळा सुरू होण्याच्या दिवसाचा. आणि नंतर हद्दीबाहेर गेलो तर मुलाची जागा राहते का, धाकट्याला भावंड म्हणून प्राधान्य मिळतं का. बांधकाम चालू असलेलं घर मी यासाठी घेणार नाही. ताबा सहा महिने लांबला की पुराव्याची तारीख हुकते आणि अख्खं वर्ष जातं.

तुमच्या ठेवी मोडायचा विषय पुन्हा काढू नका, बाबा. वाईट स्थितीत हे २० परत येत नाहीत असं मी वर लिहिलंय, आणि तो धोका तुमच्या औषधपाण्याच्या पैशांवर घ्यायचा नाही. हप्ता माझ्या पगारात बसत नसेल तर ते घर आपलं नाही.

सोबत कोरा तक्ता पाठवते आहे: डावीकडे घराचे रकाने, उजवीकडे फीचे. तुमच्या अक्षरात भरून पाठवा, आणि जिथे माझ्या आकड्यावर विश्वास नसेल तिथे लाल शाईने खूण करा. आई, घरात तुला नको असलेल्या गोष्टींची यादी तू वेगळ्या कागदावर लिही, तक्त्यात ती मावणार नाही.

तुमची लेक